लिनक्सवर डोंगल चालत नाही तेव्हा ड्रायव्हर शोधत बसू नका

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. रिफर्बिश्ड थिंकपॅड टी४७० घेतला, त्यावर लिनक्स मिंट टाकलं. घरात पडून असलेलं हुआवेचं ई१७३ डोंगल लावलं, तर मोडेमऐवजी डेस्कटॉपवर सीडीचं चित्र येतं. लॅपटॉपच्या आतही सिमची जागा आहे आणि सिएरा वायरलेसचं ईएम७४५५ कार्ड बसवलेलं आहे. ते यादीत दिसतं, पण मोबाइल ब्रॉडबँड चालू करायला गेलं की लगेच बंद होतं. सिम जिओचं. गाव दापोलीच्या बाजूला, फायबर अजून पोचलेली नाही. या दोन्हींचे लिनक्स ड्रायव्हर कुठून डाउनलोड करायचे?

कुठूनच नाही. दोन्हींचे ड्रायव्हर तुमच्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आधीपासून आहेत. विंडोजवरून आलेल्या माणसाला हे चटकन पटत नाही, कारण तिकडे यंत्र रुसलं की पहिला उपाय म्हणजे ड्रायव्हर पुन्हा टाकणं. लिनक्सवर मोबाइल मोडेमच्या बाबतीत ड्रायव्हर हा शेवटचा संशयित. बिघाड बहुतेक वेळा त्याच्या एक पायरी खाली असतो (मोडेम अजून मोडेम झालेलाच नसतो) किंवा दोन-तीन पायऱ्या वर (कार्डाला कुलूप आहे, सिमला नेटवर्कच नाही, एपीएन, म्हणजे मोबाइल कंपनीच्या इंटरनेट-दाराचं नाव, चुकलंय). म्हणून खालून वर चढायचं: वीज, यूएसबी, मोड, कर्नल मॉड्युल (कर्नलमध्ये लागेल तसा भरला जाणारा ड्रायव्हर), मोडेममॅनेजर (मोडेम सांभाळणारा लिनक्सचा प्रोग्राम), सिम, टॉवरवरची नोंदणी, एपीएन, आणि शेवटी आयपी. जिथे पाय अडकेल तिथेच थांबून दुरुस्ती करायची. वरच्या पायरीवरचं काहीही तोवर छेडायचं नाही.

कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची, वेगळं सांगितलं नसेल तर छोट्या अक्षरांत.

आधी डोंगल

सीडीचं चित्र दिसणं हा बिघाड नाही, डोंगल तसंच बनवलेलं आहे. विंडोजसाठीचा ड्रायव्हर आणि डायल करायचा प्रोग्राम डोंगलच्या आतच साठवलेला असतो. लावल्याबरोबर ते स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सादर करतं, विंडोज ती 'सीडी' चालवतं, ड्रायव्हर बसतो आणि मग तो ड्रायव्हर डोंगलला मोड बदलायला सांगतो. या प्रकाराला झिरोसीडी म्हणतात. लिनक्सला त्या सीडीतल्या मालाचा काही उपयोग नाही, पण मोड बदलायचा निरोप मात्र कुणीतरी द्यावाच लागतो. ते काम 'यूएसबी-मोडस्विच' करतं. योझुआ डीट्झे या जर्मन प्रोग्रामरने ते लिहिलं, आणि कुठल्या डोंगलला कसला निरोप पाठवायचा याची यादी 'यूएसबी-मोडस्विच-डेटा' नावाच्या वेगळ्या पॅकेजात असते. दोन्ही पॅकेजं बसवलेली आहेत का हे आधी बघा. त्यासाठी इंटरनेट लागेल, तेवढ्यापुरतं फोनवरून टेदरिंग करा.

आता टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' चालवा. ई१७३ ची ओळख बहुधा १२डी१:१४४६ अशी दिसेल. पहिला भाग हुआवेचा, दुसरा त्या मोडचा. इथे एक फसवणूक आहे, तिला बरेच जण बळी पडतात. काही वितरणांत (मिंट, उबंटू अशा लिनक्सच्या प्रकारांत) याच ओळीपुढे 'एचएसपीए मोडेम' असं नाव छापून येतं, आणि माणूस समजतो की मोडेम ओळखला गेला. ते नाव डोंगलकडून विचारून घेतलेलं नसतं. ओळखक्रमांकांची एक मजकुराची फाइल संगणकावर असते, तिच्यातून उचललेलं असतं. १४४६ म्हणजे अजून सीडीच.

खरी स्थिती कळते ती 'एलएसयूएसबी' पुढे डॅश आणि टी लावल्यावर. मग झाडासारखी यादी येते आणि प्रत्येक इंटरफेससमोर त्याचा वर्ग आणि ड्रायव्हर लिहिलेला असतो. वर्ग 'मास स्टोरेज' आणि ड्रायव्हर 'यूएसबी-स्टोरेज' असेल, तर मोड बदललेला नाही. वर्ग 'व्हेंडर स्पेसिफिक' आणि ड्रायव्हर 'ऑप्शन' असेल, तर मोडेम झालेला आहे. वर्ग व्हेंडर स्पेसिफिक, पण ड्रायव्हरची जागा रिकामी असेल तर, आणि फक्त तेव्हाच, ड्रायव्हरबद्दल बोलायला अर्थ आहे.

मोड बदलला की ओळखक्रमांकही बदलतो. १४४६ जाऊन १४३६ किंवा त्याच घराण्यातला दुसरा एखादा आकडा येतो. 'डीमेसेज' या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदीत हा सगळा प्रवास दिसतो: आधी नवीन यूएसबी उपकरण, मग सीडी-रॉम, दोन-चार सेकंदांत 'डिस्कनेक्ट', लगेच पुन्हा नवीन उपकरण, आणि मग 'जीएसएम मोडेम कन्व्हर्टर डिटेक्टेड' अशा ओळी, शेवटी टीटीवाययूएसबी० पासून पुढचे पोर्ट (मोडेमशी बोलायच्या वाटा). मधल्या 'डिस्कनेक्ट'ला घाबरू नका, ते हवंच.

आपोआप बदल झाला नाही तर हाताने करता येतो. 'यूएसबी_मोडस्विच'ला डॅश व्ही पुढे १२डी१, डॅश पी पुढे १४४६ आणि शेवटी डॅश मोठा जे द्या. हा मोठा जे म्हणजे हुआवेच्या नव्या पद्धतीचा निरोप. जुन्या डोंगलांना मोठा एच लागतो. झेडटीईची पुष्कळ डोंगलं तर ती खोटी सीडी 'इजेक्ट' केली तरी शहाण्यासारखी मोडेम होतात. हाताने चालतंय पण आपोआप नाही, याचा अर्थ डेटा पॅकेज जुनं आहे किंवा यूडेव्हचा (उपकरण लावताच ठरलेली कामं करणाऱ्या लिनक्सच्या सेवेचा) नियम लागू होत नाही. पॅकेज अद्ययावत करा, यूडेव्हचे नियम पुन्हा वाचायला लावा, डोंगल काढून परत लावा.

यूट्यूबवर आणि जुन्या लेखांत दोन सल्ले सतत फिरत असतात. ते टाळा. पहिला, 'यूएसबी-स्टोरेज' मॉड्युल ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे ते लोडच होऊ देऊ नका. त्याने सीडी दिसायची थांबते हे खरं, पण पेनड्राइव्ह आणि बाहेरची हार्डडिस्कही दिसायची थांबते, आणि मोडेम काही होत नाही. दुसरा सल्ला, 'यूएसबीसिरियल' मॉड्युलला व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक देऊन लोड करा. त्याने पोर्ट येतात, पण ते सर्वसाधारण ड्रायव्हरवर येतात. तो फक्त चाचणीसाठी आहे असं कर्नल स्वतःच नोंदीत लिहितं. वेग मार खातो.

क्रमांक खरोखरच इतका नवा असेल की 'ऑप्शन' ड्रायव्हरच्या यादीत तो नाही, तर योग्य मार्ग वेगळा. 'मॉडप्रोब'ने ऑप्शन लोड करा, आणि सिस फाइलप्रणालीत बस, यूएसबी-सिरियल, ड्रायव्हर्स, ऑप्शन१ या वाटेने गेल्यावर 'न्यू_आयडी' नावाची जी फाइल असते, तिच्यात व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक मधे एक जागा सोडून लिहा. ई१७३ सारख्या जुन्या मालाला याची गरज पडत नाही. मात्र मॉड्युलच सापडत नाही असं 'मॉडप्रोब' म्हणालं, तर दोन कारणं बघा. उबंटूच्या घराण्यात काही मॉड्युलं 'लिनक्स-मॉड्युल्स-एक्स्ट्रा' या वेगळ्या पॅकेजात असतात आणि छोट्या इन्स्टॉलेशनमध्ये, विशेषतः रास्पबेरी पायवर, ते पॅकेज नसतं. आणि आर्चसारख्या वितरणात कर्नल अपडेट करून मशीन रीस्टार्ट केलं नसेल, तर चालू कर्नलची मॉड्युलं डिस्कवरून गेलेली असतात. रीस्टार्ट करा, प्रश्न मिटतो.

विजेचाही भाग आहे. डोंगल टॉवर शोधताना, खास करून रेंज कमी असलेल्या जागी, जोरात विद्युत प्रवाह ओढतं. यूएसबी २ च्या पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर. वीज न जोडलेल्या हबवर किंवा लांबलचक एक्स्टेन्शनवर डोंगल लावलं की 'डीमेसेज'मध्ये 'एरर -७१' किंवा 'एरर -११०' येतात, किंवा दर काही मिनिटांनी डिस्कनेक्ट होऊन उपकरणाचा क्रमांक वाढत जातो. याला कुठलाही ड्रायव्हर पुरत नाही. डोंगल सरळ लॅपटॉपच्या पोर्टला लावून बघा. खिडकीपर्यंत वायर न्यायचीच असेल तर जाड आणि आखूड घ्या.

मोडेम झाला, पण नेटवर्क नाही

हे सगळं जमलं असं धरू. आता 'एमएमसीएलआय' पुढे डॅश आणि मोठा एल. हा मोडेममॅनेजरशी बोलायचा मार्ग. मोडेम क्रमांक ० असा काहीतरी येईल. मग डॅश एम आणि तो क्रमांक दिला की पूर्ण पत्रिका समोर येते: सिम आहे का, कुलूप आहे का, सिग्नल किती, नोंदणी झाली का, कुठलं तंत्रज्ञान.

ई१७३ आणि जिओचं सिम. इथे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे, आणि ते लिनक्सशी अजिबात संबंधित नाही. ई१७३ हे ३जी डोंगल आहे. जिओची सेवा २०१६ मध्ये सुरू झाली तीच ४जीवर. त्यांच्याकडे २जी किंवा ३जी कधी नव्हतंच. ड्रायव्हर उत्तम, मोड बरोबर, सिम वाचलं गेलं, तरी हे डोंगल जन्मभर 'सर्चिंग' म्हणत राहील. एअरटेलने आपलं ३जी २०१९-२० मध्ये बंद केलं, त्यामुळे एअरटेलच्या सिमवर ते २जीवर उतरेल आणि एजच्या वेगाने चालेल. म्हणजे टपाल वाचता येईल, बँकेचं पान उघडता-उघडता लॉगआउट व्हाल. बीएसएनएलचं ३जी तुमच्या टॉवरवर अजून चालू असेल तर त्या सिमवर हे डोंगल कामाचं. कुणाचं तरी बीएसएनएल सिम घालून एकदा बघा, त्यासाठी नवीन सिम विकत घेऊ नका.

नेटवर्क नाही आणि ड्रायव्हर नाही या दोन गोष्टी वेगळ्या कशा ओळखायच्या? एटी कमांडने, म्हणजे मोडेमला थेट विचारायच्या छोट्या प्रश्नांनी. आधी मोडेममॅनेजरची सेवा थांबवा, कारण एकाच पोर्टवर दोन प्रोग्राम बोलायला लागले की दोघांनाही अर्धी-अर्धी उत्तरं मिळतात. 'डब्ल्यूव्हीडायल' हा डायल करायचा प्रोग्राम वापरणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी याच भांडणातून येतात. मग 'पिकोकॉम' किंवा 'मिनिकॉम' या पोर्टशी बोलायच्या प्रोग्रामने टीटीवाययूएसबी० उघडा. परवानगी नाकारली तर स्वतःला 'डायलआउट' गटात टाका आणि लॉगआउट करून परत या. 'एटी' टाइप करून ओके आलं की ड्रायव्हरचा विषय संपला. इथून पुढे जे काही बिघडलेलं आहे ते ड्रायव्हरच्या वरचं आहे. उत्तर आलं नाही तर पुढचा पोर्ट धरा. डोंगलच्या दोन-तीन पोर्टांपैकी एखादा निव्वळ निदानासाठी असतो आणि तो गप्पच बसतो.

पुढे 'एटी+सीपिन?' विचारा. 'रेडी' आलं तर सिम ठीक. 'सीएमई एरर १०' म्हणजे सिम नाही, ११ म्हणजे पिन हवा. 'पीएच-नेट पिन' असं आलं तर डोंगल एखाद्या कंपनीला बांधलेलं आहे. पूर्वी मोबाइल कंपन्यांनी स्वस्तात विकलेली डोंगलं बहुधा अशीच असत. 'एटी+सीएसक्यू' सिग्नल सांगतं, ० ते ३१ मध्ये, आणि ९९ म्हणजे काही कळत नाही. त्या आकड्याची दुप्पट उणे ११३ मध्ये मिळवली की डीबीएममधला सिग्नल मिळतो. १० आलं तर उणे ९३, म्हणजे चालण्यासारखं. 'एटी+सीआरईजी?' नोंदणी सांगतं: दुसरा आकडा १ असेल तर घरच्या नेटवर्कवर, ५ असेल तर रोमिंगवर, २ म्हणजे शोधतोय, ३ म्हणजे टॉवरने नाकारलं. ४जी मोडेमला हाच प्रश्न 'सीईआरईजी' असा विचारायचा. जिओच्या सिमवर तुमचं डोंगल इथे २ वर किंवा ० वर अडकलेलं दिसेल, तेही सिम 'रेडी' असताना. एवढा पुरावा पुरेसा आहे.

(या एटी कमांड मोडेममॅनेजर न थांबवता 'एमएमसीएलआय'मधूनही पाठवता येतात, पण त्यासाठी मोडेममॅनेजर डीबग मोडमध्ये चालवावा लागतो. एरवी तो सरळ नकार देतो, आणि लोकांना वाटतं मोडेमच मेला.)

४जी डोंगल घ्यायचा विचार असेल तर पट्टे (रेडिओ बँड) बघून घ्या. जिओ ४जीसाठी ३, ५ आणि ४० हे बँड वापरतं. युरोपच्या बाजारासाठीची डोंगलं पुष्कळदा ४० आणि ५ ओळखत नाहीत. शहरात ३ वर भागून जातं, पण तुमच्यासारख्या डोंगराआडच्या गावात लांबवर पोचतो तो ८५० मेगाहर्ट्झचा ५ नंबरचा बँड. हुआवेचं ई३३७२ लिनक्सवर सोपं पडतं, मात्र त्याचे दोन अवतार आहेत. हायलिंक अवतारात ते मोडेम राहतच नाही, छोटा राउटर होतं. संगणकाला ते वायरच्या नेटवर्कसारखं दिसतं, 'सीडीसी-ईथर' ड्रायव्हर घेतं, आणि सगळी सेटिंग ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ वर. मग 'मोबाइल ब्रॉडबँड दिसत नाही' अशी तक्रार करण्यात अर्थ नसतो, कारण ते तिथे दिसायचंच नसतं. स्टिक अवतारात मात्र ते खरा मोडेम असतं. या हायलिंकची एक गंमत म्हणजे पुष्कळ नगांचा मॅक पत्ता अगदी एकसारखा असतो, त्यामुळे दोन डोंगलं एकाच मशीनला लावणाऱ्यांची रात्र खराब होते.

आता लॅपटॉपमधलं कार्ड

ईएम७४५५ चं दुखणं निराळं आहे आणि त्यातच बहुतेकांचे तास जातात. 'एलएसयूएसबी'मध्ये ते ११९९:९०७९ असं दिसेल. 'एलएसयूएसबी'च्या झाडात त्याला 'सीडीसी_एमबीआयएम' किंवा 'क्यूएमआय_डब्ल्यूडब्ल्यूएएन' ड्रायव्हर लागलेला असेल. डेव्ह फोल्डरमध्ये सीडीसी-डब्ल्यूडीएम० आहे, मोडेममॅनेजरला कार्ड दिसतंय, सिम वाचलं जातंय. तरी चालू करायला गेलं की रेडिओ बंदच. 'एमबीआयएमसीएलआय' या कार्डाशी थेट बोलणाऱ्या कमांडला रेडिओची स्थिती विचारली तर हार्डवेअर 'ऑन', सॉफ्टवेअर 'ऑफ'. चालू कर म्हटलं तरी 'ऑफ'.

याला एफसीसी लॉक म्हणतात. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या नियमांत लॅपटॉप, त्याचे अँटेना आणि रेडिओ कार्ड यांना एकत्र मान्यता मिळते. म्हणून लॅपटॉप कंपन्या कार्डात एक कुलूप ठेवतात: मशीन सुरू झालं की कार्ड मुकं राहतं, आणि कंपनीच्या विंडोज सॉफ्टवेअरने ठरलेला निरोप दिला की मगच प्रक्षेपण सुरू करतं. हा निरोप दर वेळी सुरू करताना द्यावा लागतो. पूर्वी मोडेममॅनेजर काही ओळखीच्या कार्डांचं हे कुलूप परस्पर काढून टाकायचा. १.१८.४ या आवृत्तीपासून त्याने ते थांबवलं आणि निर्णय वापरणाऱ्यावर सोपवला. त्यामुळे जुन्या वितरणात वर्षानुवर्षे चाललेलं कार्ड नवीन वितरण टाकताच बंद पडतं, आणि लोक ड्रायव्हरला शिव्या घालतात. मला हा बदल पटतो, पण तो वापरणाऱ्याला कुठेच धड सांगितला जात नाही हे वाईट. नेटवर्कच्या खिडकीत नुसतं बटण मागे सरकतं, त्यापलीकडे एक शब्द नाही.

उपाय दोन मिनिटांचा. यूएसआर, शेअर, मोडेममॅनेजर या क्रमाने फोल्डर उघडत गेलात की आत 'एफसीसी-अनलॉक.अव्हेलेबल.डी' सापडेल. तिथे कार्डांच्या ओळखक्रमांकांच्या नावाने छोट्या स्क्रिप्ट ठेवलेल्या असतात. तुमची ११९९:९०७९ नावाची. तिचा सिम्बॉलिक दुवा (फाइलकडे बोट दाखवणारा शॉर्टकट) ईटीसीमधल्या मोडेममॅनेजर फोल्डरात 'एफसीसी-अनलॉक.डी' इथे करा. रूट म्हणून, 'एलएन' कमांडने, डॅश एस लावून. फाइल उचलून होम फोल्डरात ठेवली किंवा आपल्या नावावर केली तर मोडेममॅनेजर ती चालवणार नाही. सुरक्षेसाठी त्याला ती रूटच्या मालकीचीच लागते. मग सेवा रीस्टार्ट करा.

तरी चालत नसेल तर बहुधा कारण हेच: ती स्क्रिप्ट 'क्यूएमआयसीएलआय' ही कार्डाशी बोलायची दुसरी कमांड वापरते, आणि डेबियन-उबंटू-मिंटवर ती 'लिबक्यूएमआय-युटिल्स' या वेगळ्या पॅकेजात असतो. मोडेममॅनेजरबरोबर ते पॅकेज येईलच असं नाही. नसेल तर स्क्रिप्ट गुपचूप अपयशी ठरते. एमबीआयएमवाल्या कार्डांसाठी तसंच 'लिबएमबीआयएम-युटिल्स'. दोन्ही टाकून ठेवा, जागा फार लागत नाही.

'आरएफकिल'ची (रेडिओ चालू-बंद करायच्या कमांडची) यादीही एकदा बघा. 'वायरलेस डब्ल्यूएएन' समोर 'सॉफ्ट ब्लॉक्ड: येस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक' करा. पण एफसीसी लॉक आणि आरएफकिल यांची लक्षणं सारखी दिसतात, म्हणून नुसतं एक बघून थांबू नका.

कुलूप उघडलं, नोंदणी मात्र होत नाही किंवा सिग्नल शून्याच्या आसपास रेंगाळतो, असं झालं तर लॅपटॉपचं पाठचं झाकण उघडा. रिफर्बिश्ड मशीनमध्ये कार्ड नंतर बसवलेलं असतं आणि मोबाइलचे अँटेना मुळातच घातलेले नसतात, हे फार वेळा बघायला मिळतं. थिंकपॅडमध्ये मोबाइल कार्डाच्या वायरी लाल आणि निळ्या असतात, लाल मुख्य आणि निळी सहायक. त्या नसतील तर विक्रेत्याला 'ऑनबोर्ड ४जी' या जाहिरातीबद्दल विचारा, लिनक्सला नको. आणि बँडचा मुद्दा इथेही आहेच: ईएम७४५५ मध्ये ३ आणि ५ आहेत, ४० नाही. आशियासाठीचं भावंड ईएम७४३० आहे, त्यात ४० आहे. जिओ तुमच्याकडे ३ किंवा ५ वर मिळालं पाहिजे.

ड्रायव्हर खरोखरच नसण्याचे प्रसंगही असतात, ते खोटं म्हणणार नाही. पण ते वेगळ्या पिढीचे आहेत. नवीन लॅपटॉपांत मोबाइल कार्ड यूएसबीवर नसून पीसीआय एक्सप्रेसवर असतं, म्हणजे 'एलएसयूएसबी'त दिसणारच नाही, 'एलएसपीसीआय'त बघावं लागेल. त्यांच्यासाठी कर्नलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएएन नावाची स्वतंत्र व्यवस्था ५.१३ मध्ये आली. फिबोकॉमचं एफएम३५०, ज्यात मीडियाटेकची टी७०० चिप आहे, त्याचा ड्रायव्हर ५.१९ मध्ये आला. त्याआधीच्या कर्नलवर ते कितीही डोकं आपटलं तरी चालत नाही. फिबोकॉमच्या एल८५० ला पीसीआय रूपात बरीच वर्षं अधिकृत ड्रायव्हरच नव्हता, लोकांनी चिप उलट्या बाजूने उलगडून बाहेरचा ड्रायव्हर लिहिला. असं कार्ड असेल तर आधी कर्नलची आवृत्ती 'युनेम' पुढे डॅश आर लावून बघा आणि नवीन कर्नल टाका. तुमचं कार्ड या रांगेतलं नाही.

जोडलं गेलं, पण पान उघडत नाही

हे लवकर उरकतो. एपीएन हाताने घाला: जिओसाठी 'जिओनेट', एअरटेलसाठी 'एअरटेलजीपीआरएस.कॉम', बीएसएनएलसाठी 'बीएसएनएलनेट', सगळं छोट्या रोमन अक्षरांत. वापरकर्तानाव आणि पासवर्ड रिकामे. जिओवर आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही चालू ठेवा. आयपीव्ही६ बंद करण्याचा सल्ला जुन्या लेखांत सर्रास असतो, इथे तो नको.

वायफाय आणि मोबाइल दोन्ही एकदम चालू असतील तर वाहतूक वायफायवरूनच जाते. नेटवर्कमॅनेजर वायफायला ६०० आणि मोबाइलला ७०० असा मार्गाचा आकडा देतो, आणि लहान आकडा जिंकतो. मोबाइल तपासताना वायफाय बंद करा, नाहीतर मेलेल्या राउटरचा दोष डोंगलवर जाईल.

'कनेक्टेड' दिसतंय, आयपीही आला, पण एकही पॅकेट परत येत नाही, असं बहुधा त्यांना होतं जे मोडेममॅनेजर बाजूला ठेवून 'क्यूएमआयसीएलआय'ने स्वतः जोडतात. नवी क्वालकॉम कार्डं ईथरनेटची चौकट न वापरता नुसते आयपी पॅकेट देतात, आणि कर्नलला ते आधी सांगावं लागतं. सिसमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएएन० खाली 'क्यूएमआय' फोल्डरात 'रॉ_आयपी' नावाची फाइल आहे, इंटरफेस बंद असताना तिच्यात मोठा वाय लिहा. मोडेममॅनेजर हे स्वतः करतो. हाताने जोडण्यासाठी काही खास कारण नसेल तर त्याच्याच हाती राहू द्या.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावर कार्ड गायब होत असेल तर आधी मोडेममॅनेजर रीस्टार्ट करून बघा. टीएलपी (बॅटरी वाचवणारा प्रोग्राम) बसवलेलं असेल तर त्यात मोबाइल कार्डांना यूएसबीच्या वीजबचतीतून वगळायची ओळ आहे, ती १ करा.

तर तुमच्यासाठी क्रम असा. ई१७३ वर आणखी वेळ घालवू नका. बीएसएनएलचं ३जी मिळालं तर ठीक, नाहीतर ते खणात परत जाऊ द्या. जिओचं सिम लॅपटॉपमध्ये घाला, 'लिबक्यूएमआय-युटिल्स' टाका, अनलॉकचा दुवा करा, एपीएन भरा. तरी अडलं तर मला 'एमएमसीएलआय'ची त्या मोडेमची पूर्ण पत्रिका, 'एलएसयूएसबी'चं झाड आणि मोडेममॅनेजरच्या नोंदीतल्या शेवटच्या पन्नासेक ओळी पाठवा. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर हवा, आणि पाठवण्याआधी त्यातला आयएमईआय आणि सिमचा क्रमांक खोडून टाका. तोवर कामापुरतं फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालवा. त्याला मोडेममॅनेजर लागत नाही, मोडस्विच लागत नाही, आणि फोन चार्जही होत राहतो.